घरच्या चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि टीव्हीवर जुने व्हिडिओ: स्वस्तातला छोटा संगणक कोणता घ्यावा? (मुक्काम सावदा, जिल्हा जळगाव)

केळीबाग_सावदा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे एकदाच घालायचे आहेत.

मागच्या वर्षी पेरणीच्या आधी आमच्या खळ्यातून मोटारीची केबल कापून नेली. तांब्यासाठी केबल नेणं आपल्याकडे नवीन नाही, पण खळं घरापासून ऐंशी मीटरवर आहे. चोर इतक्या जवळ येऊन गेले हे कळल्यापासून आईला रात्री झोप लागत नाही. खळ्यावर मी वायफायचा एक कॅमेरा लावला होता. त्याचं रेकॉर्डिंग त्याच्याच पोटातल्या मेमरी कार्डात व्हायचं. चोरांनी कॅमेराच उपटून नेला आणि पुरावाही त्याच्याबरोबर गेला.

आता चार कॅमेरे लावायचे आहेत: फाटक, ओटा, मागचं दार आणि खळं. रेकॉर्डिंग घरात, आतल्या खोलीत, निदान पंधरा दिवसांचं हवं. मी पुण्याला असतो, घरी आई-अप्पा दोघंच. त्यांना कुठलंही बटण दाबावं लागू नये.

दुसरं काम टीव्हीचं. अप्पांनी वीस वर्षांत हँडीकॅमवर काढलेलं सगळं मी दोन डिस्कवर उतरवून ठेवलंय. लग्नं, कानबाईच्या सणाचे रोट, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या आत्या, झोक्यावरची त्यांची गाणी. सगळं मिळून ६०० जीबी. त्यातल्या दोन आत्या आता नाहीत. हे आईला रिमोटवर बघता यावं.

कॅमेरे सोडून बजेट २० हजार. तीन गोष्टी डोक्यात आहेत: रास्पबेरी पाय ५ (एका पाटीवरचा छोटा संगणक), इंटेलच्या एन१०० चिपचा नवा मिनी पीसी, नाहीतर ऑफिसातून निघालेला जुना छोटा डेल, एचपी किंवा लेनोवो. लाइटचा भरवसा नाही आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, हे धरून सांगा.

दुरुस्तीवाला_जळगाव

भाऊ, आधी एक विचारतो. नुसतं रेकॉर्डिंगच हवं असतं तर मी तुम्हाला संगणक घेऊच दिला नसता. चार चॅनेलचा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी तयार पेटी) घ्या, आत ३.५ इंची कॅमेऱ्यासाठीची डिस्क टाका आणि विसरून जा. आमच्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ गिऱ्हाइकांना तेच पुरतं. तुमचं टीव्हीचं काम आहे म्हणून पुढचं लिहितो.

केळीबाग_सावदा

एनव्हीआरचा विचार केला होता. पण अजून एक अडचण आहे. खळ्यावर रात्रभर कुत्री, मांजरं आणि वाऱ्यानं हलणारी केळीची पानं. साध्या मोशनवर अलार्म ठेवला तर फोन रात्रभर वाजत राहतो. माणूस आला तरच कळावं, एवढं हवं आहे.

तापीपुत्र

मग फ्रिगेट बघा, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, लिनक्सवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालतं. माणूस, गाडी, कुत्रा हे वेगवेगळं ओळखतं आणि ओळखण्याचं काम घरातच होतं, चित्र बाहेर कुठे जात नाही. टीव्हीसाठी त्याच यंत्रावर जेलीफिन, ते संगणकातले व्हिडिओ टीव्हीवर दाखवतं. तेही फुकट आणि मुक्त.

संगणक निवडताना बहुतेक जण इथेच चुकतात म्हणून नीट सांगतो. लोकांना वाटतं चार कॅमेरे म्हणजे मोठा प्रोसेसर लागणार. रेकॉर्डिंगला प्रोसेसर जवळपास लागतच नाही. कॅमेरा स्वतःच चित्र दाबून एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये पाठवतो. संगणकानं ते जसंच्या तसं डिस्कवर उतरवायचं असतं. भार येतो तो माणूस ओळखताना, कारण तेव्हा चित्र उलगडून बघावं लागतं. त्यासाठी कॅमेऱ्याचा छोटा प्रवाह वापरायचा, ज्याला सबस्ट्रीम म्हणतात. सेकंदाला ५ चित्रं पुरतात. मोठा, स्पष्ट प्रवाह फक्त साठवायला.

मग यंत्रात बघायचं काय? इंटेलच्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग. व्हिडिओ उलगडायचं काम तोच करतो, आणि सहाव्या पिढीपासून पुढच्या इंटेलवर ओपनव्हिनो या इंटेलच्याच सॉफ्टवेअरमुळे माणूस ओळखायचं कामही त्याच्यावर टाकता येतं. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

पायवाला_धुळे

पाय ५ ला एवढ्या लवकर बाजूला सारू नका. माझ्याकडे पाय आहे, दोन कॅमेरे आणि टीव्हीवर व्हिडिओ लावायला कोडी, सगळं व्यवस्थित चालतं. वीज कमी खातो, तळहाताएवढा आहे.

तापीपुत्र

दादा, दोन कॅमेऱ्यांना चालतो, मान्य. पण पाय ४ मध्ये एच.२६४ उलगडण्याची सोय चिपमध्येच होती, ती २०२३ च्या पाय ५ मध्ये काढून टाकली. एच.२६५ ची ठेवली. म्हणजे कॅमेरे एच.२६४ चे असले तर सगळा भार प्रोसेसरवर. माणूस ओळखायला त्याला कोरलसारखी वेगळी काडी (त्याच कामाची चिप असलेली, यूएसबीला लावायची) जोडावी लागेल. शिवाय पाटी स्वस्त दिसते, पण २७ वॉटचा त्याचा अडॅप्टर, डबी, पंखा, डिस्क जोडायची सोय हे सगळं धरलं की आकडा मिनी पीसीच्या शेजारी जाऊन बसतो. आणि मेमरी कार्डावर रात्रंदिवस रेकॉर्डिंग कोणी करू नये, ते कार्ड लवकर मरतं.

पायवाला_धुळे

कार्डाचं खरं आहे, माझं एक गेलं. आता बाहेरच्या एसएसडीवर चालवतो.

वायरमनकाका

मी वीज बघतो, संगणक नाही. पण चोवीस तास चालणारी वस्तू घरात आणताना आधी मीटर बघावा.

घरात पडून असलेला जुना मोठा डेस्कटॉप ६० वॉट खातो असं धरा. दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिट. छोटं यंत्र १० वॉट खात असेल तर महिन्याला ७ युनिट. महिन्याला ३६ युनिटांचा फरक. आपल्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो. आई-अप्पा दोघंच राहतात म्हणजे त्यांचं बिल आज १०० च्या आतबाहेर असणार. तुमचा फुकटचा डेस्कटॉप त्यांना वरच्या टप्प्यात ढकलेल. म्हणून जुना डेस्कटॉप कोणी देत असेल तरी घेऊ नका.

आता इन्व्हर्टर. घरात असेलच. त्याच्या मागे किंवा पुढे एक छोटा खटका असतो, यूपीएस मोड आणि साधा मोड. बहुतेक घरांत तो साध्यावर असतो. लाइट गेल्यावर पंख्याला क्षणभराचा खंड कळत नाही, संगणकाला कळतो आणि तो बंद पडतो. खटका यूपीएसवर करा. राउटर, कॅमेऱ्यांच्या केबली जोडायचा नेटवर्क स्विच आणि ही संगणकाची डबी तिन्ही इन्व्हर्टरच्या लाइनीवर हवीत. एक जरी बाहेर राहिलं तरी लाइट गेली की कॅमेरा आंधळा, आणि चोर लाइट गेल्यावरच येतो.

केळीबाग_सावदा

काका, लाख मोलाचं सांगितलंत. आत्ताच अप्पांना फोन करून बघायला लावलं. खटका साध्या मोडवरच आहे. महिन्याचं बिल ९० ते ११० युनिटांच्या मध्ये येतं, तुमचा अंदाज अगदी बरोबर.

दुरुस्तीवाला_जळगाव

आता यंत्राबद्दल. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं. त्यामुळे ऑफिसांनी सहाव्या-सातव्या पिढीची छोटी यंत्रं ढिगानं काढली, आणि आठवीचीही बाजारात आहेत. तुम्ही लिनक्स टाकणार म्हणजे विंडोजचा प्रश्न तुम्हाला नाही. तरी मी आठवी पिढीच घ्या म्हणेन. आय५-८५००टी ला सहा कोर आहेत, आणि एच.२६५ चे १० बिटवाले व्हिडिओ सहाव्या पिढीचा ग्राफिक्स नीट उलगडत नाही, सातवीपासून पुढचा उलगडतो.

दुकानात गेल्यावर हे बघा. यंत्र अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि पंख्याचा आवाज ऐका. घरघर असेल तर आतला पंखा गेलेला आहे. अडॅप्टर त्याच कंपनीचा आणि त्याच वॉटचा हवा. भलता अडॅप्टर लावला तर काही यंत्रं मुद्दाम हळू चालतात आणि गिऱ्हाईक प्रोसेसरला दोष देतं. झाकण उघडून २.५ इंची डिस्कची पट्टी आणि तिची छोटी केबल जागेवर आहे का बघा. ती केबल हरवलेली असते आणि नंतर शोधताना नाकी नऊ येतात. बायोसला (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) जुन्या ऑफिसचा पासवर्ड नसावा. तो असेल तर यंत्र फुकट मिळालं तरी सोडा.

बायोसमध्येच वीज गेल्यावर पुन्हा आपोआप चालू होण्याची सोय असते. ती चालू केल्याशिवाय यंत्र गावी नेऊ नका. नाहीतर इन्व्हर्टर उतरला त्या दिवशी अप्पांना बटण दाबायला वाकावं लागेल.

तापीपुत्र

एन१०० ची बाजूही मांडतो. २०२३ ची चिप, चार कोर, ६ वॉटची. नवं यंत्र, वॉरंटी, एव्ही१ या नव्या प्रकारचे व्हिडिओही उलगडते, आठवी पिढी ते करत नाही. बऱ्याच एन१०० डब्या १२ व्होल्टवर चालतात, म्हणजे राउटरसारख्या छोट्या बॅटरीवर ठेवता येतात. ज्यांच्या घरी इन्व्हर्टर नाही त्यांनी डोळे झाकून हीच घ्यावी. तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे आणि हँडीकॅमच्या व्हिडिओंना एव्ही१ चा काही संबंध नाही. मग जुनं घेऊन उरलेले पैसे डिस्कवर घाला.

केळीबाग_सावदा

डिस्क किती मोठी घेऊ? कोणी १ टीबी म्हणतं, कोणी ४.

तापीपुत्र

हिशोब सोपा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो ते, दिसतो. २ एमबीपीएस असेल तर दिवसाला २१.६ जीबी. चार कॅमेरे सतत म्हणजे ८६.४ जीबी, पंधरा दिवसांना जवळपास १३०० जीबी. पण तुम्हाला चारही सतत लागतात का? फाटक आणि खळं सतत ठेवा, दिवसाला ४३ जीबी, पंधरा दिवसांना ६५० च्या आसपास. ओटा आणि मागचं दार फक्त माणूस दिसला तेव्हा. १ टीबीत बसतं.

एसएसडी झिजते ही भीती तुमच्या बाबतीत धरू नका. १ टीबीच्या चांगल्या एसएसडीवर ६०० टीबी लिहिण्याची हमी मिळते. तुमचं लिखाण वर्षाला १६ टीबी.

आणि कॅमेऱ्यात "एच.२६५ प्लस" किंवा "स्मार्ट" असं काही चालू असेल तर बंद करा. जागा वाचते, पण फ्रिगेटला ते नीट पचत नाही.

भुसावळ_जंक्शन

मी गरमीबद्दल लिहितो, कारण मी फटका खाल्लाय.

मी माझं यंत्र माळ्यावर ठेवलं होतं, वर पत्रा. मुलांचा हात पोचणार नाही आणि चोरालाही दिसणार नाही, असा विचार. एप्रिलपर्यंत काही झालं नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रेकॉर्डिंगमध्ये मधेमधे भोकं दिसू लागली, मग डिस्क टकटक करू लागली, मग गेलीच. नंतर थर्मामीटर नेऊन ठेवला तर दुपारी तीनला माळ्यावर ५२ अंश. साध्या हार्डडिस्कची मर्यादा ६० अंश असते. ५२ च्या हवेत चालणारी डिस्क आतून किती तापत असेल?

त्या डिस्कवर माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो होते. दुसरी प्रत नव्हती.

शिरपूरची_ताई

भुसावळदादा, वाचून पोटात कालवलं. मी हेच लिहायला आले होते. केळीबागभाऊ, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि आत्यांचे व्हिडिओ एका डिस्कवर कधीही ठेवू नका. रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी पुसलं जाणारंच आहे, ते गेलं तरी चालेल. आखाजीची गाणी पुन्हा कोण गाणार? त्यांची एक प्रत सावद्याला, एक पुण्याला तुमच्या कपाटात. घरातल्या संगणकावर फक्त बघायची प्रत.

बघायच्या प्रतीबद्दल सांगते. हे मी माझ्या सासऱ्यांच्या कॅसेटींसाठी केलंय. मिनी डीव्ही कॅसेटचा एक तास १३ जीबी भरतो. तो तसाच टीव्हीवर लावला तर काही टीव्ही वाजवत नाहीत, आणि वाजला तरी माणूस हलला की कडांना आडव्या रेघा दिसतात. जुन्या टीव्हीला ते चालायचं, नव्याला नाही. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेस करून (त्या रेघा काढून) एच.२६४ करा. मूळ फायली मात्र पुसू नका. एकदा रूपांतर केलं की जेलीफिनला टीव्हीपर्यंत फाइल नुसती पोचवायची असते, यंत्रावर भार येत नाही.

फायलींची नावं घालायला वेळ द्या. "२००६ आखाजी सावदा झोका" असं नाव असेल तर आई शोधू शकेल. नाहीतर त्या डब्यात सगळं आहे आणि काहीच सापडत नाही, असं होतं. माझे चार रविवार नावं घालण्यातच गेले, पण सासरे तोंडानं सांगत गेले म्हणून कोण कोण आहे ते तरी कळलं. अप्पांना शेजारी बसवून करा.

अहिराणी_माणूस

ताई, मन्हा बी हाच अनुभव शे.

केळीबाग_सावदा

भुसावळदादा, वाईट वाटलं. माझाही माळ्याचाच बेत होता, तो रद्द. जुन्या घराचा मधला भाग अजून धाब्याचा आहे. वर माती, जाड भिंती. मे महिन्यातही दुपारी तिथे झोपता येतं. देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवतो.

धुळेकर_नेटवर्क

तीन गोष्टी, घाईत लिहितोय.

खळं ऐंशी मीटर म्हणजे नेटवर्क केबलीच्या १०० मीटरच्या मर्यादेत आहे, पीओईवर एकाच केबलीतून वीज आणि चित्र दोन्ही जाईल. पण केबल पूर्ण तांब्याची घ्या. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती एवढ्या अंतरावर वीज नेताना दम तोडते. दोन्ही टोकांना सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग. आपल्याकडे मृगाच्या आधीचं वादळ काय असतं ते केळीवाल्यांना सांगायला नको. खरं तर अशा उघड्या अंतराला फायबर उत्तम, तिच्यातून विजेचा झटका येत नाही. पण मग खळ्यावर वेगळी वीज लागेल.

कॅमेरा घेताना आरटीएसपी आणि ऑनव्हिफ (कुठल्याही यंत्राला चित्र देण्याच्या सामायिक पद्धती) चालतं का विचारा. नुसत्या अॅपवर चालणारा घेतलात तर तुमच्या संगणकाशी तो बोलणार नाही.

पुण्याहून बघायला राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कारखान्याचेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभरातून गोळा केले होते. टेलस्केल टाका, ते तुमचा फोन आणि घरचा संगणक खाजगी वाटेनं जोडतं, घरगुती वापराला फुकट आहे आणि तुमच्या जोडणीला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) नसला तरी चालतं.

केळीबाग_सावदा

मंडळी, मधे बराच काळ गेला, हकिगत सांगायची राहिली.

आठव्या पिढीचं आय५ वालं जुनं यंत्र घेतलं, ८ जीबी रॅम. जळगावच्या गोलाणी मार्केटात दोन दुपारी फिरलो. पहिल्या दुकानातल्या यंत्राला बायोसचा पासवर्ड निघाला, दुरुस्तीवाले भाऊंचं वाचलेलं होतं म्हणून तिथेच सोडलं. नवी १ टीबी एसएसडी आणि पीओई स्विच धरून २० हजारांच्या आत बसलं. चार कॅमेरे चालू असताना वीज मोजली, १७ ते १९ वॉट. महिन्याला १३ युनिट. नुसत्या एन१०० ला कमी लागली असती हे खरं, पण तेवढ्या फरकात ही एसएसडी आली.

फ्रिगेट बसवायला मला तीन रात्री लागल्या. कॅमेऱ्यांचे नेटवर्कवरचे पत्ते (आयपी) राउटरमध्ये कायमचे बांधले नव्हते. लाइट जाऊन आली की पत्ते बदलायचे आणि दोन कॅमेरे गायब व्हायचे. ते बांधल्यावर निवांत झालं. पानं हलली तर आता फोन वाजत नाही. पहिल्या महिन्यात रात्रीचे सहा इशारे आले, सहाही वेळा माणूसच. पाच वेळा अप्पा स्वतः, पाणी बघायला उठलेले. सहाव्या वेळी शेजारचे काका मोटारीवर जाताना.

मे महिना पार पडला. धाब्याखाली कोनाड्यात दुपारी ३५-३६ अंशांच्या वर हवा गेली नाही, एसएसडी ५१ पर्यंत गेली. एकदा डीपी उडाली आणि दीड दिवस लाइट नव्हती. इन्व्हर्टर नऊ तासांनी उतरला. लाइट आल्यावर यंत्र आपोआप उठलं, अप्पांना कळलंही नाही.

व्हिडिओंची नावं घालायला अप्पांना घेऊन बसलो. ताई, तुमचं ऐकलं ते फार बरं झालं. एका लग्नातल्या निम्म्या माणसांची नावं मला माहीत नव्हती. आई आता संध्याकाळी रिमोटनं स्वतः लावते. २००६ ची आखाजी पहिल्यांदा लावली तेव्हा मोठी आत्या झोक्यावरून गात होती आणि आई इकडे खुर्चीत बसून तिच्याबरोबर पुढची ओळ म्हणत होती. मी फोनवर होतो, मला दोघींचे आवाज ऐकू आले. मूळ डिस्क मी पुण्याला आणली आहे.

एक चूक माझ्याकडून झाली. खळ्याची केबल पाइपातून नेली, पण शेवटचे दहा फूट नुसते मातीत गाडले. परवा उंदरांनी तिथे कुरतडली. खळ्याचा कॅमेरा सध्या बंद आहे, या आठवड्यात गावी जाऊन केबल बदलतोय.

धुळेकर_नेटवर्क

उकरणारच आहात तर फायबर टाका. खळ्यावर सिंगल फेज येते ना? मग एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी आणि चार्जर ठेवा, कॅमेरा आणि फायबरचा कन्व्हर्टर दोन्ही त्यावर चालतील. पावसाळ्याच्या आत करा.

वायरमनकाका

आणि पाइप पूर्ण न्या, टोकाला जाळी मारा. केबल ओढताना तिच्याबरोबर नायलॉनची एक दोरी जास्तीची ओढून आतच सोडून ठेवा. पुढच्या वेळी काही घालायचं झालं तर खोदावं लागणार नाही.